शेऱ्याचा रकाना

रात्री साडेनऊला ओट्यावरची पातेली सारून
लॅपटॉप ठेवते. मुलाचा जुना.
एन्टर दोनदा दाबावं लागतं.
पेडामकरांचं वायफाय भिंतीतून येतं,
त्यांच्या मालिकेतल्या रडारडीसकट.

डिमेलो सर वसईहून बोलतात.
छत्तीस चौकोन, पस्तीस काळे,
एकात कुणाचा तरी पंखा फिरत राहतो.
हजेरीला सगळे ‘प्रेझेंट’ टाइप करतात.
मीही करते, कणीक मळलेल्या बोटानं.

मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, पेपर चौथा.
सुटला तर मुख्य भांडारपाल.
नाही सुटला तर आहेच परळच्या इस्पितळाचा तळमजला,
चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले,
आणि सोड्यात उकळलेल्या सुताचा वास,
जो एकोणीस वर्षांत माझ्या केसांचाच झालाय.

सर म्हणतात, डेटा म्हणजे कच्चा माल.
‘चौदा’ हा डेटा.
‘वॉर्ड नऊमधून चौदा चादरी परत आल्या नाहीत’
ही माहिती.
मी लिहून घेते. खाली रेघ मारते.

पुढच्या मंगळवारी प्रायमरी की.
प्रत्येक नोंदीला तिची एकटीची ओळख हवी,
दुसऱ्या कुणाशी जुळता कामा नये.
मला हसू येतं, बरं की माइक बंद असतो.
आमच्या सगळ्या चादरींवर एकच निळा शिक्का.
धुऊन आली की कालची कुठली, परवाची कुठली,
कोण तिच्यावर बरं झालं,
चादर सांगत नाही.

असाइनमेंट: तुमच्या परिचयाच्या संस्थेतला
माहितीचा प्रवाह आकृतीत दाखवा.
वॉर्ड, बाण, भांडार, बाण, धुलाई, बाण, भांडार.
छान गोल झाला. बांगडीसारखा.
मग झिलू आठवला.

झिलू परब, वॉर्ड नऊ, सकाळची पाळी.
दारात उभा राहून म्हणतो, बाई, एक गेली.
कुठं, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
त्यांच्याकडं कपडा नव्हता, म्हणाला,
आणि न्यायला टॅक्सीवाला तसा तयार होईना.
मी लाल पेन घेतलं,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
फाटली. निकाली.

तेव्हापासून आमच्या चादरी फार फाटतात.
ऑडिटच्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं,
कापड हलकं आहे का हो?
म्हटलं, हलकंच आहे साहेब.
अहवाल वर गेला. ठेकेदार बदलला.
नवी चादर जाड आली, काठाला दुहेरी शिवण.
तीही फाटत राहिली.

‘चुकीचा डेटा, चुकीचा निर्णय.’
सर पडद्यावर हे ठळक करतात, पिवळ्यात.
त्या ठेकेदाराचं नाव मला ठाऊक आहे.
भिवंडीला त्याचे बारा माग होते.
आता किती आहेत ते मला कळवेल
असा बाण माझ्या आकृतीत नाही.

दहापैकी सात मिळाले.
सरांचा शेरा: सिस्टिमची सीमा स्पष्ट करा.

आता भांडारात संगणक आलाय.
वही बंद, झिलूही मार्चमध्ये निवृत्त.
चादर कमी झाली तर पडदा कारण विचारतो,
यादी खाली उघडते:
फाटली. हरवली. डाग निघत नाही.
तिनातलं एक निवडल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

फायनल प्रोजेक्टला मी तोच पडदा घेतला,
सुधारणा सुचवायच्या आहेत.
चौथा पर्याय टाकलाय.
नाव काही सुचेना.
‘सोबत गेली’ लिहिलं, खोडलं,
‘दिली’ लिहिलं; कुणी दिली, असं सर विचारतील.

बारा वाजले. पेडामकरांची मालिका संपली.
सबमिट करायला उद्या रात्रीपर्यंत वेळ आहे.
चौथ्या ओळीत कर्सर
लागतो, विझतो, लागतो.